मातीने परत केलेलं पाकीट

चिवड्याच्या कंपनीत, प्रयोगशाळेत, मी नवीन होते आणि फोन वाजला तरी दचकत होते. अशात मालक खांबेटेसाहेबांनी मला बोलावून एक कागद पुढे सरकवला. ‘आमचं हिरवं पाकीट नव्वद दिवसांत मातीत मिसळतं,’ असं त्यावर छापलं होतं. खाली सही माझी हवी होती, कारण दुपारी पत्रकार यायचे होते.

“सर, चाचणीसाठी पुरलेलं पाकीट अजून उकरलेलं नाही,” मी कसंबसं म्हटलं.

“मग उकरा. आणि सही झाली नाही, तर उद्यापासून येऊ नका.”

चार महिन्यांपूर्वी बागेत पुरलेलं ते पाकीट बागकाम करणाऱ्या कौसल्यामावशी उकरून घेऊन आल्या. झटकल्यावर ते दुकानातल्यासारखं चकचकू लागलं.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. “तुमची मातीच निकस आहे, मावशी.”

“असंल की. पर मी ते गोणपाटात बांधून पुरलं हुतं. गोणपाट तिनं खाल्लं, सुतळी खाल्ली. एवढंच नको म्हणाली.” मावशींनी पाकीट टेबलावर ठेवलं. “गिऱ्हाइकानं माल परत केला तर हुज्जत घालायची न्हाई, असं तुमीच सांगता न्हवं? हा मातीनं परत केलाय. घ्या.”

साहेबांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. मग त्यांनी माझ्यापुढचा कागद ओढून घेतला आणि फाडला. माझी नोकरी वाचली.

दुपारी पत्रकारांना नवा कागद मिळाला. त्यावर सही साहेबांची होती, आणि ‘नव्वद दिवसांत’च्या जागी छापलं होतं, ‘यथावकाश’.