वीतभर मशीन, पलंगभर गोधडी

शिवणयंत्रं आणि गोधड्या माणसांशी बोलत, त्या काळातली गोष्ट. थंडी तोंडावर आली होती. तिन्ही नातवंडांना एकाच पांघरुणात झोपायचं होतं, म्हणून द्वारकाबाईंनी पलंगाहून मोठी गोधडी जुळवली आणि आपल्या छोट्या मशीनपुढे ठेवली.

गोधडी हसली. "तुझ्या सुईशेजारी जागा वीतभर. मी मावणार कशी? कडेकडेनं चार टाके घाल आणि सोड मला."

"कडेनं सुरुवात केली, तर सगळ्या चुण्या तुझ्या पोटात अडकतील," मशीन म्हणाली. "बाई, हिला दोन्हीकडून गुंडाळा. मधून सुरू करू."

द्वारकाबाईंनी वळकट्या केल्या, लोंबता भार खुर्चीवर टेकवला. मशीन मधून कडेकडे निघाली. अर्धी झाली की गोधडी फिरवायची आणि पुन्हा मधूनच सुरू करायचं. तीन सुया मोडल्या, पण चुणी एकही पडली नाही. पाचव्या दिवशी शेवटचा कोपरा उरला.

गोधडी उपाशी राहू नये म्हणून त्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा शिवायची रीत होती. द्वारकाबाईंनी तुकडा घेतला, तशी गोधडी हळूच म्हणाली, "बाई, माझं पोट भरलंय. हिनं एवढ्याशा तोंडानं पाच दिवस मला टाका टाका भरवलंय. हा घास हिला द्या."

"मला भाकरी नको," मशीन म्हणाली. "थेंबभर तेल द्या, आणि दुसरी गोधडी आणा."