राजासाठी राखलेली शिळा

लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनीही, अशी ही फार जुन्या काळची गोष्ट. दूरच्या राजधानीत शिकून एक मुलगी आपल्या गावी परत आली. तिला वाटलं होतं, आपलं गाव पाथरवटांचं. एवढ्या वर्षांत ओढ्यावर दगडी पूल झालाच असेल. येऊन पाहते तो लोक डोक्यावर गाठोडी घेऊन, कमरेएवढ्या पाण्यातून पूर्वीसारखेच जात-येत होते. ओढा अरुंद होता, पण त्याला ओढ फार.

काठावर ग्रॅनाइटची एक लांबलचक शिळा पडून होती. पृथ्वीच्या पोटातला तापलेला रस युगानुयुगं निवत राहतो, तेव्हा हा दगड होतो. सावकाश निवतो म्हणून त्यात दाणे धरतात, काही काचेसारखे, काही फिकट गुलाबी, काही काळे चमचमते. ऊन, पाऊस, ओझं, सगळं तो सोसतो.

ही शिळा मुलीच्या आजोबांच्या वेळची. तेव्हा पाथरवटांनी खडकात ओळीनं भोकं पाडली, त्यांत सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकल्या आणि पाचरींवर पाणी ओतलं. लाकूड फुगलं, खडक सरळ उकलला. एवढी अखंड शिळा निघाली, म्हणून ती राजवाड्यासाठी राखली आणि तिच्यावर शेंदराची खूण केली. खुणेच्या दगडाला कुणाचा पाय लागू द्यायचा नाही, अशी गावाची रीत. राजाचे गाडे येणार होते. ते आलेच नाहीत.

"राजवाडा केव्हाच बांधून झाला," मुलगी पारावर म्हणाली. "मी पाहून आलेय. एका दगडाचीही जागा रिकामी नाही."

"असेल," एक म्हातारा पाथरवट म्हणाला. "पण तसा निरोप कुठं आलाय? तू जरा बस, पाणी पी. आल्या आल्या गाव उचलायला निघालीस."

लोक हसले, पण दमलेल्या माणसांसारखे.

त्याच संध्याकाळी शेतावरून परतताना मुलीच्या आत्याचा पाय ओढ्यात निसटला. लोकांनी धावत जाऊन तिला ओढून काढलं. निथळत्या लुगड्यानिशी ती शिळेशेजारी चिखलात बसली.

"आत्या, वर बस ना."

"नको गं. राजाची आहे."

"आज बुडाली असतीस."

"उद्याही जायचंच आहे. तेव्हाचं तेव्हा. फार दमले बघ, आता बोलायला लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या पदर खोचून ओढ्यावर आली, तेव्हा मुलगी आधीच तिथं होती. राखेनं घासघासून तिनं शेंदूर पुसून टाकला होता. सगळ्यांच्या देखत ती अनवाणी शिळेवर चढली.

"आज ही शिळा ओढ्यावर पडेल," ती म्हणाली. "राजानं विचारलं तर माझं नाव सांगा."

मग म्हातारा पाथरवट गुडघ्यांवर हात ठेवून उठला.

"पाय लागलेला दगड राजाला कसा द्यायचा?" तो म्हणाला. "आणा पहारी."

त्या संध्याकाळी आत्या कोरड्या पायांनी घरी आली.

तात्पर्य: जो कधी येत नाही त्याच्या मानापायी, जो रोज जातो-येतो त्याला बुडू देऊ नये.