तरण तलावाची फी

मी सातवीत शाळा सोडून पंक्चरचं दुकान टाकलं. त्यामुळे शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच असतील, सांभाळून घ्या.

माझी बहीण कुमुदिनी कर्ज काढून शिकली. तिला नोकरी लागली, पण मूळ दाखला कॉलेजने अडवला. संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब म्हणाले, “तरण तलावाची यंदाची फी राहिलीय. आठ हजार भरा, मग दाखला.” तलावाच्या जागी नुसती पाटी होती.

कुमुदने दुकानातली ट्रकची ट्यूब कमरेत चढवली आणि थेट त्यांच्या केबिनमध्ये शिरली. मागे मी, मान खाली घालून. दारात नव्या प्रवेशाचे पालक पैसे घेऊन उभे होते.

“हा काय तमाशा?” नानासाहेब ओरडले.

“मागच्या दोन वर्षांची फी भरलीय, सर. आज पोहूनच जाते.”

“अगं, पाण्याशिवाय पोहशील कशी?”

“तुम्ही तलावाशिवाय फी घेतलीत ना, तशीच!”

पालक खो खो हसले आणि पैसे परत खिशात घालू लागले. ते पाहून नानासाहेबांनी घाईघाईने दाखला काढून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुदला कामावर सोडून मी कॉलेजवर गेलो. कालची गोष्ट गावभर झाली होती. जुन्या मुलांचे पंधरा-वीस पालक खांद्यावर टॉवेल टाकून, भरलेली फी परत मागायला उभे होते. मी लाजरा माणूस, पण कुमुदच्या दोन वर्षांच्या फीसाठी रांगेत जाऊन उभा राहिलो.