पंधरवड्याच्या आया

बाळांनो, आणि बाळांना पुढ्यात घेऊन बसलेल्या मोठ्या माणसांनो, फार फार वर्षांपूर्वी एका राजाने आईबाप नसलेल्या मुलांसाठी नदीकाठी एक घर बांधलं. घर ऐसपैस होतं, जेवण पोटभर होतं. पण राजाने एक नियम घालून दिला. मुलांना सांभाळणारी बाई दर पंधरवड्याला बदलायची. एकीचाच लळा लागला, तर ती गेल्यावर मुलं रडतील, म्हणून.

ज्याच्यासाठी रडावं असं माणूसच ठेवायचं नाही, म्हणजे कटकट मिटली, असं तिथली स्वयंपाकीण मनाशी म्हणायची आणि भाकरी जरा जास्तच जोरात थापायची. तिला सगळे मावशी म्हणत.

चांदण्या पंधरवड्यात यायची ती करडी बाई. नियम मोडला की मूल कोपऱ्यात उभं. का मोडला, हे ती विचारायची नाही. अंधाऱ्या पंधरवड्यात यायची ती मवाळ बाई. तिला मुलांच्या डोळ्यांत पाणी बघवायचं नाही, त्यामुळे मूल म्हणेल तसं. मुलं एकीपुढे खोटं बोलायची आणि दुसरीपुढे भोकाड पसरायची. हे बघून मावशीचं डोकं उठायचं. पण आपलं काम चुलीपाशी, असं म्हणून ती गप्प राहायची.

त्या घरात सगुणा नावाची सात वर्षांची मुलगी होती. एकदा चांदण्या पंधरवड्यात ती अनवाणी कुंपणाबाहेर गेली आणि तिच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला. कुंपणाबाहेर जायला बंदी होती. कोपरा नको म्हणून तिने कुणाला काही सांगितलं नाही. ती टाचेवर चालत जेवायला येते, हे मावशीने तेवढं पाहिलं होतं.

पौर्णिमा झाली, बाई बदलली, तेव्हा सगुणाने पाय दाखवला. मवाळ बाई सुई घेऊन आली. सुई टेकताच सगुणा किंचाळली, तशी बाई विरघळली. सुई ठेवून तिने पोरीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. रोज सुई, रोज रडणं, रोज गूळ. पाचव्या दिवशी पाय टम्म सुजला आणि अंगात ताप भरला.

राजाचा कारभारी धावत आला. करड्या बाईलाही बोलावणं गेलं. तुझ्या धाकाने पोरीने लपवलं, असं ही म्हणे. तुझ्या लाडाने काटा आत राहिला, असं ती म्हणे. कारभारी दोघींचं म्हणणं लिहून घेत बसला, आणि पोर तिथेच कण्हत पडली होती.

मावशीचा संयम सुटला. पिठाच्या हातांनीच ती पुढे झाली.

"तुम्हा दोघींचं खरं आहे, आणि माझी चूक तर त्याहून मोठी," ती म्हणाली. "मी तिला लंगडताना पाहिलं आणि भाकऱ्या थापत बसले. आता बाजूला व्हा."

तिने हात धुतले, हळदीचं गरम पोटीस बांधून तळवा मऊ केला आणि सगुणाला मांडीवर घेतलं.

"दुखेल?" सगुणाने विचारलं.

"दुखेल. हवं तेवढं रड. पण काटा मी काढणार, आणि निघेपर्यंत तुला सोडणार नाही."

सगुणा रडली, मावशीच्या दंडाला चावलीसुद्धा. मग काटा निघाला.

ताप उतरला, पण चालताना तो पाय थोडा ओढला जायचा, तो कायमचाच. कारभाऱ्याने झालेलं सगळं राजाच्या कानावर घातलं. राजाने आपला नियम मोडीत काढला आणि मुलं मावशीच्या हवाली केली. मावशीनेही नियम केलाच. कुंपणाबाहेर जायचं ते सांगून आणि वहाणा घालून.

वर्षभराने सगुणा पुन्हा न सांगता, अनवाणी बाहेर गेली. मावशीने कपाळावर हात मारून घेतला. शंभरदा सांगून झालं होतं! पण या वेळी पोर आपणहून लंगडत आली, काय केलं ते सांगितलं आणि तिच्यापुढे पाय पसरून बसली. मावशी तोंडाने तिला रागावत होती आणि हाताने काटा काढत होती. सगुणा रडली, पण पाय तिने मागे घेतला नाही.

तात्पर्य: धाकाने मूल दुखणं लपवतं, नुसत्या लाडाने ते आतच राहतं, मुलाला हवं असतं ते रागावलं तरी जवळ घेणारं, कायमचं माणूस.