पदमाजी तांडेलाचं गिरमिट

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट, बरं का. काळवलीच्या खाडीवर तेव्हा ना पूल होता ना दीपस्तंभ. गावाची रग मात्र आत्ता आहे तेवढीच होती.

गावात पदमाजी नावाचा तांडेल होता. राजाच्या आरमारातली अकरा गलबतं त्याच्या हुकमात चालत. नुसता पाण्याचा वास घेऊन तो भरती किती चढेल ते सांगायचा, असं म्हणतात. आणि हट्टी तर असा, की बायको हिराय म्हणायची, "ह्याची समजूत घालण्यापरीस खडकाला कालवण वाढावं."

एका वर्षी टोपीकरांची लढाऊ जहाजं खाडीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. राजाचं बाकी आरमार तेव्हा दूर दक्षिणेला होतं. खाडीत आत दोन कोसांवर किल्ला, आणि किल्ल्यात साऱ्या मुलखाचा दारूगोळा. टोपीकरांची अवजड जहाजं उधाणाच्या भरतीला गावापर्यंत येऊ शकत होती, पण पुढं पाणी उथळ. तिथून किल्ल्यापर्यंत माणसं न्यायला त्यांना गावची हलकी गलबतं हवी होती. त्यांचा निरोप आला, "परवा अमावास्येच्या भरतीला येतो. अकराही गलबतं धक्क्याला लावून ठेवा. दिलीत तर गाव राखू, नाहीतर जाळू."

देवळासमोर माणसं जमली. कुणी म्हणालं, देऊन टाकू, जीव तर वाचेल. पदमाजी उठला.

"दिली तर किल्ला जातो. आत पळवली तर गाव जळतं. मी ती खाडीच्या तोंडावरच आडवी बुडवणार. मग येऊ देत कसे येतात ते!"

अरे बापरे, काय गलका झाला! धर्माजी म्हातारा तर काठी आपटत पुढं आला. "धडधाकट गलबताला कोळ्यानं भोक पाडायचं? पदमा, त्यापेक्षा माझा गळा चिर!"

पदमाजी वाद घालत बसला नाही. अमावास्येला पहाटे, ओहोटी लागलेली असताना, त्यानं स्वतःचं गलबत तोंडावर नेलं. सावळी तिचं नाव. त्याच्या बापानं सहा वर्षं खपून बांधलेली. पदमाजीनं तळाला भोक पाडायचं गिरमिट लावलं आणि त्याचा हात फिरेना. तो हमसून हमसून रडला. मग डोळे पुसले आणि गिरमिट फिरवलं. ते बघून बाकीचे दहाही तांडेल आपापली गलबतं घेऊन निघाले.

आता गंमत बघा, चूक काय झाली. गलबताला निरोप द्यायचा तर ते धुऊनपुसून, रिकामं करून द्यायचं, ही कोळ्यांची रीत. बायांनी हळदकुंकू लावलं, आणि गड्यांनी गलबत डुलू नये म्हणून तळाशी ठेवतात ते दगडसुद्धा काढून टाकले! मग सागाचं लाकूड बुडतंय कशाला? भोकं पडली, पाणी काठोकाठ भरलं, तरी गलबतं आपली तरंगतातच आहेत. वर भरती सुरू झाली आणि ती खाडीत आत सरकू लागली. लांबवर टोपीकर शिडं चढवत होते.

हिराय घराकडे धावली आणि डोक्यावर जातं घेऊन परतली. "बघताय काय? उद्या दळायला घर राहिलं तर दळाल!" मग गावातलं एकूण एक जातं निघालं, पाटे निघाले, उखळं निघाली. बायांनी ती लहान डोण्यांत घालून गलबतांवर नेली आणि दहा गलबतं तळाला बसली. सावळी तेवढी राहिली. जाती पडून ती बुडू लागली, पण मधल्या धारेत तिचं तोंड सारखं फिरत होतं, ती आडवी राहीना. पदमाजी तिच्यावर चढला, सुकाणू छातीशी धरलं आणि ती पुरती बुडेपर्यंत त्यानं ते सोडलं नाही. हिराय हाका मारत राहिली, पण तो वर आला नाही.

दुपारी टोपीकर आले आणि बुडालेल्या गलबतांवर धाडधाड आदळले. खालून कुणीतरी गिरमिट फिरवतंय, असा आवाज त्यांच्या खलाशांनी ऐकला, असं म्हणतात. ओहोटी लागल्यावर जहाजं चिखलात कलंडली. त्यांच्या तळाला अंगठ्याएवढी गोल भोकं होती, असंही म्हणतात. किल्ल्यावरची माणसं आली आणि गाववाल्यांनी त्यांच्यासोबत शत्रूला तिथंच धरलं. किल्ला राहिला, म्हणून मुलूख राहिला.

पुढं गावानं पहिलं नवं गलबत बांधलं, तेव्हा पाण्यात लोटण्याआधी हिरायनं गिरमिट मागून घेतलं. तळाला एक भोक पाडलं आणि सागाची खुंटी ठोकून ते बुजवलं. म्हणाली, "पुन्हा वेळ आली तर शोधाशोध नको."

आजही काळवलीत नवी होडी झाली की घरातली थोरली बाई तेच करते. गावचं पोर नौदलात भरती झालं की तशीच एक खुंटी खिशात घालून जातं. परगावचे लोक होडी बघायला येतात आणि हळहळतात, "अहो, एवढ्या चांगल्या होडीला भोक कशाला पाडता?"

सुतार मान वर न करता सांगतो, "होडी आमची आहे म्हणून."