मान खाली घालणारा ससा

शेवट ओळखा बघू. आत्ताच बोला, मागाहून ‘आम्हाला माहीतच होतं’ म्हणायचं नाही. ओळखलात तर माझ्या टोपीतले चणे तुमचे. नाही ओळखलात तर मी खाणार आणि तुम्ही बघत बसायचं.

एका परसात, शेवग्याखाली, जाळीच्या पेटीत एक ससा आणि एक सशीण राहायची. शेवंताकाकीनं पाळलेली. एकमेकांवर जीव असा, की पेटी ऐसपैस असून दोघं एकाच कोपऱ्यात. आता सशांचं एक असतं बघा. लाड करून घ्यायचे असले की ससा बोलत नाही. मान खाली घालतो, हनुवटी जमिनीला टेकवतो. समोरच्यानं समजायचं, चाट म्हणतोय. सशीण बरोबर समजायची. आधी कपाळ चाटायची, मग कान, मग मान, मग पाठ.

सुरुवातीला सशाला बरं वाटायचं. पण काकीला गवत कापायचा आला कंटाळा. ती आपली शिळी भाकरी टाकायला लागली. भाकरी काय, दोन घासात खलास. मग सशिणीच्या दातांना दिवसभर काम काय? चाटता चाटता ती सशाचे केस उपटायला लागली. उपटायची आणि गिळायची. सशाचा जरा डोळा लागला की पाठीवर दात. बिचारा दमला. इतका दमला की बसल्या बसल्या मान खाली जायची. आणि मान खाली गेली की सशिणीला वाटायचं, अगं बाई, ह्यांना अजून हवंय.

जाळीवर एक कावळा येऊन बसायचा. भाकरीच्या तुकड्यावर डोळा ठेवून. सशाची उघडी पाठ बघून म्हणाला, “काय पाव्हणं, जावळ काढलं का?”

सशानं नुसता एक कान हलवला. त्याला हसायचासुद्धा कंटाळा आला होता.

कावळ्यालाच कसंतरी झालं. म्हणाला, “अरे, बायकोला एकदा सांग की, पुरे म्हणून.”

“कसं सांगू? मायेनं करते. मागं सरकलो तर तिला वाटेल, मी विटलो.”

“आणि थंडीत काय पांघरशील?”

“ती बसते की चिकटून,” ससा म्हणाला आणि त्याची मान परत खाली गेली. सशीण लगेच आली.

मग थंडी पडली. आता तुम्ही म्हणणार, टकला ससा गारठून मेला. चुकलात. चणे माझे. सशीण त्याला अशी चिकटून बसायची, की वारा आत शिरायला फट नाही.

एक दिवस सकाळी सशाला जाग आली ती उन्हं अंगावर आल्यावर. किती दिवसांनी पोटभर झोप झाली होती. पाठीवर दात नाहीत, काही नाही. त्यानं अंग ताणलं. मग बघितलं, तर भाकरी तशीच पडलेली आणि सशीण कोपऱ्यात, हनुवटी जमिनीला टेकवून. सशाला वाटलं, आज हिला लाड हवेत. तो गेला, तिचं कपाळ चाटलं, कान चाटले. तिचा कान गार होता. पोटाला नाक लागलं तर पोट दगडासारखं. मांजर गिळलेले केस ओकून टाकतं, पोरांनो. सशाच्या जातीला ओकता येत नाही. ह्या सशाच्या पाठीवरचे सगळे केस तिच्या पोटात गोळा होऊन बसले होते.

सशिणीनं हळूच विचारलं, “अहो, तुम्हाला आवडायचं ना?”

आता तरी खरं बोलावं की नाही? सशाचं तोंड उघडलं होतं. पण तिच्याकडे बघून तो म्हणाला, “हो.”

काकी टोपलीत घालून तिला गुरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. परत आली तेव्हा टोपली रिकामी होती. काकी पायरीवर बसून राहिली, मग उठली आणि विळा शोधायला लागली.

आता पेटीत रोज भारा भरून गवत असतं. सशाची पाठ परत भरून आली, कापसासारखी पांढरी. झोपेला कुणी हात लावत नाही. तरी संध्याकाळ झाली की तो त्या कोपऱ्यात जातो, मान खाली घालतो आणि वाट बघत बसतो.

तात्पर्य : मायेच्या माणसाला ‘पुरे’ हे वेळेवर सांगावं, आपण गिळलेला शब्द त्याच्या पोटात जाऊन बसतो.