मला विहिरीत कोणी ढकललं?

"आप्पा, मला विहिरीत कोणी ढकललं होतं?"

सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच मी विचारलं. कॅरिअरवर दादाची मुलगी निलू होती आणि माझ्या बगलेत दोनशे पानी वही.

मठातले आप्पा विहिरीच्या काठावर वाळक्या भोपळ्याला दोरी बांधत बसले होते. आमचं निम्मं गाव असाच भोपळा पाठीला बांधून त्यांच्याकडे पोहायला शिकलं.

"बस आधी."

"बसायला वेळ कुठाय! पुस्तक लिहितोय, आप्पा!"

"कोण?"

"मी!"

"तू? पाचवी नापास झालेला आपला बसू?"

"तोच! आपलं गाव, हा मठ, शनिवारचा बाजार, दादा आणि मी... सगळं लिहिणार. निलू मोठी होईल, तिला पोरं होतील. तिचा बाप कसा होता ते त्यांना कळायला नको?"

दादा काविळीने गेला त्याला सव्वा महिना झाला होता. तेवढ्यात मी निम्मी वही भरली होती.

"मग लिही की," आप्पा म्हणाले.

"पहिलीच ओळ अडलीय. सात वर्षांचा होतो. पाठीला भोपळा, इथेच रडत उभा. मागून कोणीतरी ढकललं. आणि मला पोहता आलं, आप्पा! वर आल्यावर विचारलं, कोणी ढकललं? सगळे नुसते हसले. दादालाही किती वर्षं विचारत होतो. तोही हसायचा. आता..."

आप्पा गाठ आवळत राहिले.

"दादाच होता ना? हो म्हणा, लगेच लिहून टाकतो."

"पडल्यावर डोळे कुठे उघडलेस?"

"पाण्यात."

"समोर काय होतं?"

"दादा. हात पसरून..."

मी काठावरून खाली पाण्यात पाहिलं.

"म्हणजे तो आधीच खाली होता! मग वर कोण होतं, आप्पा?"

आप्पा उठले. त्यांनी वही माझ्या बगलेतून काढून खाली मातीत ठेवली आणि भोपळा निलूच्या पाठीला बांधला.

"हिच्या आईला सांगून आणलंस?"

"वहिनीनेच पाठवलं. या उन्हाळ्यात दादा शिकवणार होता तिला."

"मग तू वर काय करतोयस?"

मी शर्ट काढला, चप्पल भिरकावली आणि धाडकन उडी मारली. पाणी असं गार की ओरडलोच.

"ये निलू! मार उडी! मी आहे!"

"नाही! पप्पा असते तर मारली असती!"

मी हात पसरले.

ती डोळे गच्च मिटून काठावर रडत उभी होती. आप्पांनी तिच्या पाठीला एक बोट लावलं. एकच बोट.

धप्प!

ती खाली गेली, वर आली, खोकली, हातपाय झाडत दोन हात पुढे सरकली आणि माझ्या गळ्यात पडली.

"काका! मला येतंय! मला येतंय!"

आणि लगेच चिडली.

"ढकललं कोणी मला?"

मी वर पाहिलं. आप्पा पाठ फिरवून उरलेली दोरी गुंडाळत होते, जसं काही झालंच नाही.

"सांग ना काका! कोणी?"

नाव जिभेवर आलं होतं... पण मला हसू फुटलं. दादाचंच हसू. थांबेचना. ती माझ्या छातीवर बुक्क्या मारत होती आणि मी तिला धरून हसत होतो.

शेवटी तिने मान वर करून हाक मारली, "आप्पा, तुम्ही तरी सांगा! मला कोणी ढकललं?"

आप्पांनी माझी वही उचलली, तिच्यावरची माती झटकली आणि काठावर ठेवली.

"काकाला विचार, पोरी. तो पुस्तक लिहितोय."